प्रवासी झूम की व्यावसायिक झूम? : कॅमेऱ्याच्या भिंगाच्या निवडीचे तांत्रिक व व्यावहारिक निकष

बीजशब्द : झूम भिंग, नाभीय अंतर, अ‍ॅपर्चर, एफ-क्रमांक, स्थिरीकरण, लग्नसमारंभाचे छायाचित्रण

प्रस्तावना

छायाचित्रण ही कला आहे आणि शास्त्रही आहे, असे नेहमी म्हटले जाते. ते अनेकांच्या उपजीविकेचे साधन आहे, ही बाब मात्र या चर्चेत बहुधा मागे पडते. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणाऱ्या व्यक्तीस कॅमेरा आणि भिंगे यांसाठी पतसंस्थेचे कर्ज घ्यावे लागते. महाविद्यालयाच्या इतिहास, मराठी वा भूगोल विभागास क्षेत्रभेटीच्या नोंदींसाठी जेव्हा अनुदान मिळते, तेव्हा ते एकदाच मिळते. अशा वेळी दुकानात दोन प्रकारची भिंगे समोर ठेवली जातात. पहिले भिंग आखूड, हलके आणि विस्तृत दृश्यापासून दूरच्या चेहऱ्यापर्यंत सर्व काही टिपणारे असते. त्यास 'प्रवासी झूम' म्हणतात. दुसरे जड, महाग आणि त्या मानाने मर्यादित पल्ल्याचे असून त्यास 'व्यावसायिक झूम' म्हटले जाते. कमी किमतीत अधिक पल्ला मिळत असताना अधिक किंमत देऊन कमी पल्ला का घ्यावा, हा ग्राहकाचा प्रश्न वरकरणी भाबडा वाटला तरी अत्यंत रास्त आहे. 'व्यावसायिक भिंग चांगले असते' एवढे सांगून त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. प्रस्तुत लेखात या दोन प्रकारांतील फरकाचे मूळ प्रकाशशास्त्रात कोठे आहे आणि तो फरक कोणत्या कामात जाणवतो व कोणत्या कामात जाणवत नाही, हे महाराष्ट्रातील तीन परिचित प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नाभीय अंतर बदलू शकणारे भिंग प्रथम चलच्चित्रपटाच्या क्षेत्रात रुळले. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी विक्रीस आलेले पहिले झूम भिंग म्हणजे १९५९ सालचे फोक्टलेंडर झूमर. त्याचे नाभीय अंतर ३६ ते ८२ मिमी आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ होते. त्याची रचना फ्रँक बॅक यांनी केली होती. १९६३ साली निकॉनने ४३ ते ८६ मिमीचे झूम बाजारात आणले. ते लोकप्रिय झाले, परंतु त्याच्या प्रतिमेच्या गुणवत्तेविषयी छायाचित्रकारांनी दीर्घकाळ नाके मुरडली. झूम म्हणजे सोय, आणि सोय म्हणजे तडजोड, हा समज त्या काळापासून रूढ झाला.

पुढे दोन प्रवाह वेगळे झाले. १९९२ साली टॅमरॉन कंपनीने २८ ते २०० मिमीचे एकच भिंग आणले आणि 'एका भिंगात सर्व काही' या कल्पनेस सर्वसामान्य ग्राहक मिळाला. डिजिटल काळात २००५ साली जाहीर झालेले निकॉनचे १८-२०० मिमी, स्थिरीकरणयुक्त भिंग या प्रवाहातील महत्त्वाचा टप्पा होय. याउलट वृत्तपत्रे, क्रीडा व समारंभ यांसाठी काम करणाऱ्यांनी संपूर्ण पल्ल्यात एफ/२.८ कायम ठेवणारी भिंगे स्वीकारली. त्यांत २४-७० आणि ७०-२०० मिमी ही जोडी सर्वत्र प्रमाण मानली गेली. आरसाविरहित कॅमेऱ्यांच्या आजच्या पिढीतही ही विभागणी टिकून आहे.

छिद्राचा व्यास आणि प्रकाशाचे गणित

या दोन प्रकारांतील फरक समजून घेण्यासाठी एफ-क्रमांक ही संज्ञा नीट लक्षात घ्यावयास हवी. भिंगाचे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा परिणामी व्यास म्हणजे एफ-क्रमांक होय. त्यामुळे हा क्रमांक जितका लहान, तितके छिद्र मोठे. नवख्या ग्राहकाचा गोंधळ येथेच होतो. मोठा आकडा म्हणजे मोठी क्षमता ही बाजारातील सवय येथे उलटी पडते.

निकॉनच्या झेड श्रेणीतील दोन भिंगांचे उदाहरण घेऊ. २०२० साली जाहीर झालेले २४-२०० मिमी भिंग २४ मिमीला एफ/४ देते. झूम वाढवीत नेल्यास ते आकुंचन पावत २०० मिमीला एफ/६.३ वर येते. त्याच वर्षी जाहीर झालेले ७०-२०० मिमी व्यावसायिक भिंग मात्र २०० मिमीलाही एफ/२.८ कायम ठेवते. आता भागाकार करून पाहावा. २०० भागिले ६.३ म्हणजे सुमारे ३२ मिमी, तर २०० भागिले २.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी. व्यास सव्वादोन पट झाला की क्षेत्रफळ पाचपट होते. म्हणजेच एकाच प्रसंगी, एकाच नाभीय अंतरावर व्यावसायिक भिंग पाचपट प्रकाश आत घेते.

ग्राहकाने मोजलेल्या किमतीचे आणि वाहिलेल्या वजनाचे मुख्य कारण हे ७१ मिमीचे छिद्र आहे. एवढे छिद्र मिळावयाचे तर पुढील काच त्याहून मोठी हवी. काच मोठी झाली की तिच्या कडांवरून येणारे किरण अधिक वाकवावे लागतात, आणि प्रकाशाचे अपस्करण, म्हणजे रंगांची फाटाफूट, तसेच कडांची धूसरता वाढते. ते दोष आवरण्यासाठी अल्प-अपस्करणाची खास काच व अगोलीय पृष्ठभाग योजावे लागतात. म्हणून २४-२०० मिमी भिंगाचे वजन सुमारे ५७० ग्रॅम असताना २४-७० मिमी एफ/२.८ भिंगाचे ८०५ ग्रॅम, आणि ७०-२०० मिमीचे तिपाईच्या कड्यासह १४४० ग्रॅम भरते. तेवढाच पल्ला व्यावसायिक जोडीने गाठावयाचा तर खांद्यावर सव्वादोन किलो घ्यावे लागतात. अमेरिकेत ही भिंगे जाहीर झाली तेव्हाच्या किमती अनुक्रमे सुमारे ९००, २३०० आणि २६०० डॉलर होत्या. म्हणजे जोडीची किंमत एकट्या प्रवासी झूमच्या पाचपटीहून अधिक होती. पाचपट प्रकाशासाठी पाचपट किंमत हा निव्वळ योगायोग असला, तरी हिशेब लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे.

पल्ल्याचे गुणोत्तर व प्रतिमेची गुणवत्ता

प्रवासी झूमची दुसरी मर्यादा छिद्राशी नव्हे, तर पल्ल्याशी निगडित आहे. २४-७० आणि ७०-२०० या दोन्ही भिंगांत मोठे व लहान नाभीय अंतर यांचे गुणोत्तर तीनाच्या आतबाहेर असते. २४-२०० मध्ये ते आठाच्या पुढे जाते. निकॉनच्याच २०२४ सालच्या २८-४०० मिमी भिंगात ते चौदाच्या पुढे आहे, आणि तेथे दूरच्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ/८ वर येते. झूम भिंगात काचांचे गट एकमेकांच्या संदर्भात सरकतात. एका टोकाला परस्परांचे दोष नाहीसे करणारी त्यांची मांडणी दुसऱ्या टोकाला तशीच उपयोगी पडेल असे नाही. गुणोत्तर जितके मोठे, तितकी ही तडजोड अवघड होते. परिणामी, विस्तृत टोकाला सरळ रेषा बाहेरच्या बाजूस फुगणे, दूरच्या टोकाला त्या आतल्या बाजूस ओढल्या जाणे आणि चौकटीच्या कोपऱ्यांत तपशील विरघळणे हे दोष या वर्गात अधिक आढळतात.

आजचे कॅमेरे यांपैकी रेषांचे विरूपण आणि रंगीत कडा संगणकीय प्रक्रियेने परस्पर दुरुस्त करतात. ग्राहकास ते दिसतही नाहीत. तथापि विरूपण सुधारताना कोपऱ्यांतील प्रतिमा ताणली जाते, आणि जो तपशील भिंगाने टिपलाच नाही तो ताणून निर्माण होत नाही. प्रवासी झूमचे अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत लहान केल्यास कोपरे बरेच सुधारतात. त्यापुढे फार गेल्यास विवर्तनामुळे संपूर्ण प्रतिमाच मऊ होऊ लागते. म्हणजे ज्या भिंगाची सुरुवातच एफ/६.३ पासून होते, त्यास सुधारण्यासाठी उरलेली जागा अगदी थोडी असते.

असे असले तरी व्यावसायिक भिंग सर्व बाबतींत श्रेष्ठ असते असे मानणे योग्य नव्हे. निकॉनच्या २००९ सालच्या ७०-२०० मिमी एफ/२.८ भिंगावर एक आक्षेप सातत्याने घेतला गेला. अगदी जवळच्या विषयावर केंद्रित केल्यास त्याचे परिणामी नाभीय अंतर २०० मिमी न राहता बरेच घटत असे. हा दोष एरवी प्रवासी झूमच्या माथी मारला जातो. २०१६ साली आलेल्या पुढील आवृत्तीत त्याचे बऱ्याच अंशी निराकरण झाले. जवळून घ्यावयाच्या छायाचित्रांतही प्रवासी झूम अनेकदा सरस ठरते. उपरोक्त २४-२०० मिमी भिंग वस्तूची ०.२८ पट प्रतिमा देते, तर ७०-२०० मिमी भिंग ०.२ पटच देते. नाणी, मोडी कागदपत्रांवरील शिक्के, कासच्या पठारावरील फुले यांची नोंद घेणाऱ्या अभ्यासकास हा तपशील किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटू शकेल.

प्रसंग पहिला : मंगल कार्यालय

पाचपट प्रकाशाचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे लग्नाच्या मांडवाइतके अन्यत्र कोठेही स्पष्ट होत नाही. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि वधूवर परस्परांस हार घालतात. ही सारी घटना काही सेकंदांची असते. ती पुन्हा घडवून आणता येत नाही; पुन्हा घडविली तर ते नाटक होते, आणि घरातील मंडळींना ते छायाचित्र पाहताच कळते. गोरज मुहूर्त असेल तर बाहेरचा उजेडही याच वेळी मावळत असतो.

समजा, कार्यालयातील प्रकाश असा आहे की आयएसओ १६०० व एफ/२.८ असताना शटर १/१०० सेकंद ठेवावे लागते. याच जागी एफ/६.३ चे भिंग असल्यास शटर १/२० सेकंदावर उतरवावे लागेल. १/२० सेकंदात हाराचा झोका, उडालेल्या अक्षता व वधूच्या चेहऱ्याची हालचाल यांचा एकच पट्टा होतो. शटर १/१०० कायम ठेवावयाचे तर आयएसओ ८००० करावा लागेल. येथे विक्रेत्याकडून हमखास एक युक्तिवाद केला जातो : 'यात स्थिरीकरण आहे, हात हलला तरी चालतो.' हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन भरून काढते. समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही. या एका गैरसमजापोटी झालेली खरेदी पहिल्याच लग्नसराईत पश्चात्तापाचे कारण ठरते.

आणखी एक बारकावा असा की आपल्याकडील विद्युत्प्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. १/१०० सेकंदाचे शटर बरोबर एक आवर्तन पूर्ण टिपते. त्याहून जलद शटर वापरल्यास छायाचित्रांत प्रकाश व रंग कमीजास्त होतात किंवा आडवे पट्टे उमटतात. म्हणजे अशा कार्यालयात १/१०० ही मर्यादा केवळ किमान नसून बऱ्याच अंशी इष्टतमही आहे, आणि तेथपर्यंत पोहोचण्याची ऐपत एफ/२.८ मध्ये असते.

फ्लॅशचा पर्याय आहेच. किंबहुना लग्नाच्या अल्बममधील मोठा भाग व्यासपीठावरील समूहछायाचित्रांनी व्यापलेला असतो. मामा-मामी, आत्या, कार्यालयातील सहकारी असे एकामागून एक गट उभे राहतात, फ्लॅश चमकतो आणि छायाचित्र एफ/८ च्या आसपास घेतले जाते, जेणेकरून मागील रांगही स्पष्ट यावी. या कामात प्रवासी झूम व व्यावसायिक झूम यांतील फरक ग्राहकास ओळखता येणार नाही, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. परंतु फ्लॅशचा प्रकाशही याच छिद्रातून यावयाचा असतो. अंतर दुप्पट झाले की तो एक-चतुर्थांश उरतो, आणि लहान छिद्रासाठी फ्लॅशला पाचपट ऊर्जा खर्च करावी लागते. मग तो पुन्हा सज्ज होईपर्यंत अक्षता जमिनीवर पोहोचलेल्या असतात.

पार्श्वभूमीचाही विचार करावयास हवा. आपल्याकडील कार्यालयांत नववधूच्या मागे पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फ्लेक्स आणि जेवणाच्या पंगतीकडे निघालेले पाहुणे असे सर्व काही एकाच वेळी असते. २०० मिमीला एफ/२.८ वर ही गर्दी विरघळून रंगांचे केवळ डाग उरतात, एफ/६.३ वर फ्लेक्सवरील अक्षरे जवळजवळ वाचता येतात. हा परिणाम आयएसओ वाढवून मिळत नाही.

वाढलेल्या आयएसओच्या क्षमतेमुळे मोठ्या छिद्राची गरज संपली, असा एक मतप्रवाह आहे, आणि त्यात तथ्यांश निश्चित आहे. २००७ सालच्या निकॉन डी३ या कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० हा व्यवहार्य आकडा करून दाखविला. २०२३ साली अ‍ॅडोबीच्या लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित दाणेदारपणा घटविणारी सोय आली. आयएसओ ८००० वर घेतलेले चित्र आज निरुपयोगी ठरत नाही. परंतु ही प्रगती दोन्ही भिंगांच्या वाट्याला सारखीच आली आहे. पाचपट प्रकाशाचे अंतर होते तेवढेच राहिले आहे. शिवाय एका लग्नातील शेकडो चित्रांवर अशी संगणकीय प्रक्रिया करावयाची तर त्यासाठी वेळ आणि समर्थ संगणक दोन्ही लागतात, आणि तो खर्च भिंगाच्या किमतीत कोणी धरत नाही.

प्रसंग दुसरा : वारीतील रिंगण

व्यावसायिकाने व्यावसायिक भिंगच घ्यावे, या सरसकट सल्ल्याला वारीचे उदाहरण छेद देते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणाचा विचार करावा. दुतर्फा वारकरी, मधून धावत येणारा अश्व, आणि तो गेल्यावर टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झेपावणारा समुदाय हे सर्व मिनिटभरात घडते. दूरवरचा अश्व टिपण्यास २०० मिमी लागतात. तो समोर येताच ५० मिमी, आणि गर्दी उसळल्यावर २४ मिमी. या ठिकाणी भिंग बदलणे शक्य नसते. शक्य झालेच तर धूळ किंवा आषाढातील सर कॅमेऱ्याच्या उघड्या सेन्सरवर जाते. दोन भिंगांसाठी दोन कॅमेरे गळ्यात अडकविणारे छायाचित्रकार असतात. परंतु ते वाहनाने येतात, दिंडीबरोबर दिवसभर चालत नाहीत.

येथे प्रकाश पुरेसा असतो का, हा प्रश्न उरतो. निरभ्र उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ ला सुमारे १/१०० सेकंद शटर पुरते, हा छायाचित्रकारांचा जुना आडाखा आहे. आषाढातील ढगाळ दिवशी त्याच्या एक-अष्टमांश प्रकाश धरला, तरी एफ/६.३ व आयएसओ १६०० वर सुमारे १/१२५० सेकंदाचे शटर मिळते. धावता अश्व स्तब्ध करण्यास ते पुरेसे आहे. म्हणजे ज्या प्रसंगाला सर्वाधिक वेगवान मानले जाते, तेथे संथ समजले जाणारे भिंग उणे पडत नाही. मंगल कार्यालयातील शांत, संथ विधीत मात्र ते उणे पडते. वेग आणि प्रकाश यांची गल्लत केल्याने अनेक निर्णय चुकतात. वारीतच पहाटेचे काकडे किंवा रात्रीचा समाजआरतीचा प्रसंग टिपावयाचा असेल तर हे गणित अर्थातच पुन्हा बदलते. अशा वेळी झोळीत ५० मिमी एफ/१.८ चे एखादे छोटे, स्थिर नाभीय अंतराचे भिंग असावे. ते मोठ्या झूमच्या तुलनेत नगण्य किमतीचे असूनही एफ/२.८ च्या दुपटीहून अधिक प्रकाश देते.

प्रसंग तिसरा : अजिंठा

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि चित्रांच्या रक्षणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. तिपाईसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. अंधाऱ्या लेण्यात हातात धरूनच चित्र घ्यावयाचे म्हटल्यावर एफ/२.८ चे भिंग अपरिहार्य आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भिंत हलत नाही. मंगल कार्यालयात निरुपयोगी ठरलेले स्थिरीकरण येथे पूर्णपणे कामी येते, आणि श्वास रोखून घेतलेल्या १/८ सेकंदाच्या चित्रातही रेषा स्पष्ट येऊ शकते. येथे प्रवासी झूमचा खरा अडसर प्रकाशाचा नसून सपाट पृष्ठभागाचा आहे. भित्तिचित्र चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत महत्त्वाचे असते; कोपऱ्यातील मऊपणा व रेषांचे वाकणे अभ्यासकास परवडत नाही. व्यावसायिक झूमही अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवल्यास कोपऱ्यांत काही प्रमाणात ढिले पडते. या कामास स्थिर नाभीय अंतराचे साधे भिंग दोहोंपेक्षा अधिक योग्य ठरते. विभागाच्या अनुदानातून केवळ भित्तिचित्रांच्या नोंदीसाठी ७०-२०० मिमी भिंग खरेदी करण्याचा प्रस्ताव आल्यास तो परत पाठविणे इष्ट.

मधला मार्ग

दोन टोकांच्या मध्ये काही समंजस पर्याय आहेत. पहिला म्हणजे संपूर्ण पल्ल्यात एफ/४ देणारी भिंगे. कॅननचे २०१८ सालचे आरएफ २४-१०५ मिमी सुमारे ७०० ग्रॅमचे, तर निकॉनचे २०२१ साली जाहीर झालेले २४-१२० मिमी ६३० ग्रॅमचे आहे. विभागीय कामांसाठी या वर्गाची शिफारस निःसंकोचपणे करता येईल. दुसरा पर्याय पल्ल्यात थोडी माघार घेऊन एफ/२.८ टिकविणाऱ्या भिंगांचा आहे. टॅमरॉनच्या २०१८ सालच्या २८-७५ मिमी भिंगाने हा मार्ग लोकप्रिय केला. निकॉननेही २०२१ साली त्याच पल्ल्याचे भिंग जाहीर केले आणि त्याचे वजन ५६५ ग्रॅम म्हणजे प्रवासी झूमइतकेच आहे. २४ ऐवजी २८ मिमीपासून सुरुवात एवढीच त्याची मुख्य किंमत. लहान कार्यालयात पाठ भिंतीला टेकली की हे चार मिलिमीटर जाणवतात, हेही तितकेच खरे.

कर्ज काढून सुरुवात करणाऱ्या लग्न-छायाचित्रकाराने सव्वादोन किलोची पूर्ण जोडी एकाच हंगामात घेण्याचे कारण नाही. २८-७५ सारखे एक एफ/२.८ भिंग आणि ८५ मिमी एफ/१.८ हे एक स्थिर भिंग एवढ्यावर कार्यालयातील बहुतेक क्षण हाती येतात. ७०-२०० मिमीची निकड मोठ्या सभागृहांत भासते. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत ते दिवसाच्या भाड्याने मिळते. वर्षाकाठी त्याचे भाडे हप्त्याच्या जवळ जाऊ लागले की खरेदीचा विचार करावा.

टिकाऊपणा, पावसाळा आणि जुनी भिंगे

भिंगाची बांधणी हा तांत्रिक चर्चेत दुय्यम मानला जाणारा, परंतु आपल्या हवामानात निर्णायक ठरणारा मुद्दा आहे. ७०-२०० मिमी एफ/२.८ वर्गातील बहुतेक भिंगे झूम करताना लांब होत नाहीत. काचांचे गट नळीच्या आतच सरकतात. प्रवासी झूमची नळी मात्र बाहेर येते आणि आत जाते, व प्रत्येक वेळी भात्याप्रमाणे हवा ओढून घेते. हवेबरोबर धूळ येते, आणि कोकणात बाष्पही. २००५ सालचे १८-२०० मिमी भिंग खाली तोंड करून धरल्यास स्वतःच्या वजनानेच घसरून लांब होत असे. २००९ सालच्या आवृत्तीत त्यासाठी कुलूपखटका बसविण्यात आला. जुने भिंग घेताना ही चाचणी दुकानातच करावी.

बुरशी हा त्याहून गंभीर शत्रू आहे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर तिचे कोळ्यासारखे जाळे पसरू लागते. चामड्याच्या वा कापडी पिशवीत भिंग बंद करून ठेवणे, ही सुरक्षितता नसून बुरशीला दिलेले आमंत्रण आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखता येते. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरावे. या बाबतीत किमतीचा भेद उपयोगी पडत नाही. रत्नागिरीच्या पावसाळ्यात कपाटात चार महिने पडून राहिलेले महागडे भिंग आणि स्वस्त भिंग सारख्याच वेगाने खराब होते. उलट रोज वापरात असलेल्या, उन्हावाऱ्यात फिरणाऱ्या भिंगाला हा धोका कमी असतो.

व्यावसायिक झूम बाजारात जुने मिळते, त्याची पुनर्विक्रीची किंमतही टिकते, आणि म्हणूनच मर्यादित भांडवल असलेल्याने त्याचा विचार अवश्य करावा. खरेदीपूर्वी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून भिंगाच्या मागील बाजूने विजेरीचा झोत टाकावा व पुढील बाजूने तिरकस पाहावे. धुळीचे चार-दोन कण दिसल्यास बिघडत नाही. त्यांचा प्रतिमेवर परिणाम होत नाही. जाळे किंवा दुधाळ पापुद्रा दिसल्यास मात्र विक्रेत्याने 'साफ करून देतो' असे सांगितले तरी सावध राहावे, कारण बुरशीचे आम्ल काचेवरील मुलाम्यात उतरलेले असल्यास साफसफाईनंतरही तिचा ठसा तसाच राहतो, आणि दिव्यासमोर घेतलेल्या प्रत्येक चित्रात तो धुरकटपणाच्या रूपाने दिसतो.